ऑनलाइन दुकानाची मांडणी आणि गिऱ्हाइकाची वाट

आपल्या संघाच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांनी अलीकडे आपापले ऑनलाइन दुकान उघडले आहे, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या मनात तो विचार घोळत आहे. असे दुकान उघडण्यास आता फारसे भांडवल लागत नाही. संगणक जाणणारा एखादा होतकरू तरुण गाठला की महिना-पंधरा दिवसांत मालाची छायाचित्रे, भाव, पैसे भरण्याची सोय हे सारे उभे राहते. तथापि सहा महिन्यांनी जी तक्रार आमच्या कानी येते ती ठरलेली आहे. लोक येतात, पाहतात आणि काही न घेता निघून जातात. भाव वाजवी, माल सचोटीचा, पेढीचे नाव जुने. मग गिऱ्हाईक जाते का? आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेक ठिकाणी कारण एकच असते. त्यास हवा असलेला माल दुकानात असतो, परंतु तो त्यास सापडत नाही.

आपल्या जुन्या दुकानांत हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही, आणि तो का उद्भवला नाही हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बेळगावच्या रविवार पेठेतील एखादे जुने धान्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. पुढे नमुन्याच्या परड्या, मागे पोत्यांच्या थप्प्या, आणि माळ्यावर काय आहे ते मुनिमाखेरीज कोणास ठाऊक नाही. बाहेरच्या माणसास तेथे काही शोधून काढावयास सांगितले तर दिवस जाईल. परंतु त्यावाचून कोणाचे काही अडत नसे, कारण गिऱ्हाईक माल शोधत नसे, ते माल मागत असे. "भाकरीला चांगली ज्वारी द्या" एवढे त्याने म्हटले की हे घर कोणते, माणसे किती, मागल्या खेपेस काय नेले होते हे सर्व दुकानदार मनाशी ताडून घेई आणि त्या अंदाजाने दोन-तीन नमुने पुढे टाकी. दुकानाची खरी मांडणी दुकानदाराच्या डोक्यात होती. ऑनलाइन दुकानात हा माणूसच गादीवरून उठून गेलेला असतो. त्याच्या जागी आपण जे काही ठेवतो, म्हणजे विभागांची नावे, शोधण्याची चौकट, निवडीच्या खुणा, त्यांनी त्याचे काम करावयाचे असते. ज्या दुकानात ती करत नाहीत त्या दुकानात गिऱ्हाईक अंधाऱ्या वखारीत एकटे उभे असल्यासारखे होते.

गादीवरचा माणूस काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयोग संगणकाच्या किती तरी आधी झाला. अमेरिकेतील मेंफिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या किराणा व्यापाऱ्याने १९१६ साली 'पिगली विगली' अशा चमत्कारिक नावाचे दुकान काढले. तोवर तिकडेही आपल्यासारखीच रीत होती. गिऱ्हाइकाने यादी द्यावी आणि नोकराने माल काढून द्यावा. साँडर्सने गिऱ्हाइकाच्याच हाती टोपली दिली, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिली, फिरत्या फाटकातून त्यास आत घेतले आणि एकाच वळणावळणाच्या वाटेने साऱ्या मालासमोरून फिरवून शेवटी पैसे घेण्याच्या जागी आणून सोडले. या मांडणीवर त्याने १९१७ साली पेटंटही मिळविले. आज जगभर जी स्वयंसेवेची दुकाने दिसतात त्यांचे मूळ तेथे आहे.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, आपले काही बंधू ऑनलाइन दुकानासंबंधानेही साँडर्सच्याच वाटेने विचार करतात. गिऱ्हाईक जितके हिंडेल तितके अधिक घेईल, तेव्हा त्यास थोडे हिंडवावे, असे त्यांचे म्हणणे. इमारतीत ते काही अंशी खरे आहे. तेथे आलेले माणूस चालत आलेले असते, हाती टोपली असते, आणि रिकाम्या हाताने परतणे त्याच्या जिवावर येते. ऑनलाइन दुकानात येण्यास श्रम नाहीत आणि जाण्यासही नाहीत. एका बोटाच्या स्पर्शाने ते शेजारच्या दुकानात जाते, आणि हे शेजारचे दुकान म्हणजे गल्लीतील वाणी नव्हे. कोट्यवधींचे भांडवल ओतून बंगळुरास किंवा मुंबईस बसलेली ती कंपनी असते. त्यांच्याशी भावात झुंजणे आपल्या हाती फारसे नाही. आपले गिऱ्हाईक काय म्हणते, कसे मागते, कशासाठी मागते हे मात्र आपणांस त्यांच्याहून किती तरी अधिक ठाऊक आहे. ही आपली पुंजी आहे, आणि ऑनलाइन दुकानात ती उतरवावयाची तर मांडणीतूनच उतरवावी लागेल.

तिचा पहिला विनियोग नावांत करावा. आमच्या पेढीवर ज्या मालास आम्ही कुळीथ म्हणून ओळखतो त्यास गोव्याचे आणि कोकणातले गिऱ्हाईक कुळीथच म्हणेल, पण देशावरचे हुलगा म्हणेल. आमच्या शहरातील कन्नड भाषिक त्यास हुरळी म्हणतील, बडोद्यास तो कळथी होईल, इंदुरास कुलथी आणि हैदराबादेस उलवलु. तुरीची तीच कथा. अरहर, तुवेर, तोगरी, कंदि ही सर्व तिचीच नावे. उपासाच्या वरईस कोणी वरी म्हणतो, कोणी भगर, माळव्यात मोरधन आणि गुजरातेत मोरैयो. ज्वारी, जोंधळा आणि शाळू यांत जाणत्यास भेद दिसेल, शाळू म्हणजे रब्बीची हे त्यास ठाऊक असेल. पण म्हाताऱ्या आजीबाई जोंधळा म्हणून मागतील तेव्हा "असा माल आमच्याकडे नाही" असे उत्तर कोणता शहाणा दुकानदार देईल? यंत्र मात्र तेच उत्तर देते, कारण त्यास जेवढे सांगितले तेवढेच ते जाणते. सबब प्रत्येक मालापुढे त्याची सारी नावे लिहून काढावीत आणि शोधण्याच्या चौकटीस ती शिकवावीत. हे काम संगणक जाणणारा तरुण करू शकणार नाही. तो फार तर शब्दकोशातील प्रतिशब्द घालील. पेठेतील शब्द ज्याने पेठेत आयुष्य घालविले त्यानेच दिले पाहिजेत.

नावांच्या जोडीला शुद्धलेखनाचा प्रश्न येतो. मूग की मुग, तूर की तुर, गूळ की गुळ, याबाबत सुशिक्षितांचाही हात अडखळतो. पुष्कळ लोक तर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकतात, आणि 'ज्वारी' हा एकच शब्द त्या अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिला जातो याची गणती करणे कठीण. गिऱ्हाइकाच्या शुद्धलेखनाची परीक्षा घेण्याचा दुकानदारास अधिकार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, एखादे अक्षर कमी-अधिक, इंग्रजी लिपीतील निरनिराळी रूपे या सर्वांतून योग्य माल पुढे आलाच पाहिजे, अशी सक्त अट दुकान बांधणाऱ्यास प्रथमच घालावी. हल्ली तशी साधने सहज मिळतात. ती बसविली जात नाहीत याचे कारण त्यांची किंमत नव्हे. कोणी त्यांची मागणीच करत नाही.

नावांनंतर विभाग. येथे बहुतेक व्यापारी आपली खतावणी उचलून दुकानात ठेवतात. भुसार, कडधान्य, डाळी, तेलबिया, किराणा अशी जी विभागणी आपल्या वहीत पिढ्यान् पिढ्या चालत आली ती खरेदीच्या आणि आडतीच्या सोयीची आहे. गिऱ्हाइकाच्या डोक्यात ती नसते. हे पडताळून पाहण्याचा एक फार सोपा उपाय आहे, आणि या विषयातील जाणकार तो सर्वत्र वापरतात. आपल्या मालाची नावे चिठ्ठ्यांवर एकेक लिहावीत आणि दुकानाशी संबंध नसलेल्या माणसास त्या देऊन म्हणावे, "जे एकत्र असावे असे वाटते ते एकत्र ठेवा, आणि प्रत्येक ढिगास तुमच्या शब्दांत नाव द्या." आम्ही साठ चिठ्ठ्या करून प्रथम आमच्या मुनिमांस आणि नंतर शेजारपाजारच्या सहा गृहिणींस दिल्या. मुनिमांनी साबुदाणा किराण्यात टाकला, वरई व राजगिरा भुसारात, आणि शेंगदाणे तेलबियांत. वहीच्या दृष्टीने यात तिळभर चूक नाही. सहाही गृहिणींनी हे चारही जिन्नस एकत्र ठेवले आणि नाव दिले 'उपासाचे'. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी जी बाई हे चार जिन्नस मागवू पाहते तिला मुनिमांच्या दुकानात तीन निरनिराळ्या दालनांत हिंडावे लागेल. ती हिंडणार नाही, हे आपण सर्व जाणतो.

आता यावर कोणी असे विचारील की, शेंगदाणे उपासाच्या विभागात गेले तर चटणीसाठी शेंगदाणे घेणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या माणसाने दिले तो व्यापारी नव्हता. तो ग्रंथपाल होता.

ग्रंथालयात पुस्तके लावण्याचा प्रश्न दुकानासारखाच आहे. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून, त्यांचे पुन्हा दहा-दहा पोटवर्ग करून, प्रत्येक पुस्तकास त्यात एक जागा देण्याची पद्धत काढली. ती जगभर चालली, अजूनही चालते. परंतु तीत एका पुस्तकाची जागा एकच. 'भारतातील भातपिकावरील कीड' या विषयाचे पुस्तक भारताखाली शोधावे, भाताखाली शोधावे की किडीखाली? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते ग्रंथपाल झाले आणि त्या विद्येच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात 'मेकॅनो' हे मुलांचे खेळणे त्यांच्या पाहण्यात आले. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते स्क्रू निरनिराळ्या तऱ्हेने जोडून हव्या त्या वस्तू बनविता येतात, हे पाहून त्यांस युक्ती सुचली. विषयास एकच खण देण्याऐवजी त्याची अंगे निराळी करावीत. पदार्थ कोणता, त्याचे काय होते, कोठे, केव्हा. आणि ती अंगे विसर्गासारख्या दोन टिंबांच्या चिन्हाने जोडावीत. १९३३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ही द्विबिंदू वर्गीकरण पद्धती होय. त्यापूर्वी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधीचा आहे. वाचकाच्या जागी गिऱ्हाईक घातले तर तो आपल्या पेढीवर लावण्यास हरकत नाही.

आज कोणत्याही चांगल्या ऑनलाइन दुकानाच्या कडेस भाव, वजन, प्रकार, उपयोग अशा ज्या निवडीच्या खुणा दिसतात, त्यांची मूळ कल्पना ही. दुकानात पाहून सुचलेली गोष्ट ग्रंथालयातून फिरून पुन्हा दुकानात आली, याची आम्हांस मोठी मौज वाटते. तिचा उपयोग असा. शेंगदाण्याचे पान एकच करावे, त्याचा साठा आणि भाव एकाच ठिकाणी ठेवावा, आणि त्यास 'उपासाचे', 'चटणी-कूट', 'तेलबिया' अशा तीन खुणा लावाव्यात. म्हणजे तीनही वाटांनी येणारे त्याच एका पानावर पोहोचतात. तीन विभागांत तीन वेगळी पाने केली तर एके ठिकाणी भाव बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी राहिला, असे घोटाळे नित्य होतात.

कोणत्या खुणा ठेवाव्यात हे मालावर अवलंबून आहे, आणि तेथेही तयार साच्यावर विसंबू नये. हे साचे बहुधा कपड्यांच्या नाहीतर विजेच्या उपकरणांच्या दुकानांसाठी बनविलेले असतात. त्यांत रंग आणि कंपनी ही पहिली अंगे असतात. तांदूळ घेणारा रंग विचारत नाही. तो नवा की जुना हे विचारतो, कारण जुना तांदूळ मोकळा शिजतो. भातासाठी, इडलीसाठी की पुलावासाठी हे तो सांगतो. गोमंतकीय गिऱ्हाईक असेल तर उकडा आहे का हे आधी पाहते. गव्हात लोकवन, शरबती, खपली हा भेद ज्यास कळतो त्याच्यासाठी जात ठेवावी. ज्यास कळत नाही त्याच्यासाठी 'पोळीचा' आणि 'हुग्गी-खिरीचा' असा उपयोग ठेवावा. डाळीत पॉलिश केलेली व न केलेली हे अंग आता अगत्याचे झाले आहे. आपल्या समाजातील गिऱ्हाइकाची गरज तर कोणत्याही एका विभागात मावतच नाही. कांदा-लसूण नसलेला मसाला, बटाटा नसलेले फरसाण, तसेच पापड व लोणची, हे चार दालनांतील जिन्नस एका खुणेसरशी पुढे आले पाहिजेत. ज्या खुणेखाली एकही जिन्नस शिल्लक राहत नाही ती खूण त्या वेळी दिसूच नये, आणि प्रत्येक खुणेपुढे किती जिन्नस आहेत तो आकडा असावा. रिकाम्या खोलीत गिऱ्हाइकास नेऊन सोडणे बरे नव्हे.

या विषयात काही ठोकताळे फार फैलावले आहेत, त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. एक असा की, कोणताही माल तीन टिचक्यांत सापडलाच पाहिजे. २००३ साली जोशुआ पोर्टर यांनी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या नियमास आधार मिळाला नाही. टिचक्या वाढल्या म्हणून लोक सोडून जात नव्हते की असंतुष्टही होत नव्हते. आम्हांस यात आश्चर्य वाटत नाही. वाट बरोबर आहे असे पावलोपावली दिसत असेल तर माणूस पाच पावले चालतो, आणि पहिल्याच फाट्यावर संशय आला तर दुसरे पाऊल टाकत नाही. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पीटर पिरोली व स्टुअर्ट कार्ड यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या गोष्टीस 'गंध' असे मोठे समर्पक नाव दिले. जनावर जसे भक्ष्याच्या वासावर पुढे जाते तसा माणूस शब्दांच्या वासावर पुढे जातो. 'विशेष संग्रह', 'आमची निवड', 'आरोग्यदालन' अशा नावांस कसलाच वास नसतो. 'डाळी' या शब्दास आहे. दुसरा ठोकताळा सातच्या आकड्याचा. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधाचा हवाला देऊन सातांहून अधिक विभाग नसावेत असे सांगितले जाते. वस्तुतः तो निबंध ऐकलेले क्षणभर ध्यानात ठेवण्यासंबंधीचा आहे. डोळ्यांसमोर लिहिलेली यादी कोणासही पाठ करावी लागत नाही. तीनशे जिनसांच्या दुकानास बारा स्पष्ट विभाग असले तर बिघडत नाही. चार विभाग आणि त्यांच्या पोटात चार, त्यांच्याही पोटात आणखी चार, अशी भुयारे मात्र खोदू नयेत.

धान्य व किराण्याच्या दुकानाची एक गोष्ट इतर सर्व दुकानांहून निराळी आहे, आणि तिच्याकडे दुकान बांधणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. आपले गिऱ्हाईक यादी घेऊन येते. साडी घेणारी बाई एकच साडी घेते आणि तिच्यासाठी वीस पाहते. महिन्याचे वाणसामान भरणारी बाई तीस जिन्नस घेते आणि प्रत्येकाकडे क्षणभरच पाहते. साडीच्या दुकानाच्या साच्यावर किराण्याचे दुकान बांधले म्हणजे काय होते ते पाहा. मूगडाळीवर बोट ठेवावे, तिचे पान उघडावे, वजन निवडावे, टोपलीत टाकावे, मागे यावे, पुन्हा पहिल्यापासून यादी खाली सरकवावी आणि उडीदडाळ शोधावी. हे तीस वेळा करण्याइतका वेळ कोणास आहे? म्हणून यादीच्या पानावरच प्रत्येक जिनसापुढे अर्धा किलो, एक किलो, पाच किलो, तीस किलोचा कट्टा अशी वजने, दर किलोचा भाव आणि टोपलीत टाकण्याचे बटण असावे. परत आल्यावर यादी जेथे सोडली तेथेच उघडावी. आणि नियमित गिऱ्हाइकासाठी सर्वांत जवळची वाट म्हणजे त्याची मागील महिन्याची यादी. ती जशीच्या तशी पुढे ठेवावी, त्यातील दोन जिन्नस काढावेत, एक वाढवावा, संपले. पेढीवरील दुकानदार "नेहमीचेच ना?" म्हणून विचारतो, तोच हा प्रश्न. आमच्या मते किराण्याच्या ऑनलाइन दुकानात ही एक सोय असली तर बाकीच्या दहा उणिवा झाकल्या जातात.

चित्रांविषयी थोडे. तूरडाळ आणि हरभराडाळ यांचे नखाएवढे छायाचित्र पाहून भेद सांगणारा माणूस आम्ही अद्याप पाहिला नाही. चित्राखाली ठळक अक्षरांत नाव असलेच पाहिजे. तीच गोष्ट निरनिराळ्या चिन्हांची. कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांच्या मागे सारे दुकान दडविण्याची जी चाल पडली आहे तिने लोकांना विभाग सापडण्यास अडचण होते, असे नील्सन-नॉर्मन या सल्लागार संस्थेने २०१६ साली प्रयोगांती दाखविले आहे. त्या रेघांखाली 'विभाग' एवढा शब्द लिहिण्यास शाई लागत नाही. फिकट करड्या अक्षरांचीही अशीच टूम निघाली आहे. साठी उलटलेल्या डोळ्यांनी ती वाचता येत नाहीत हे आम्ही अधिकाराने सांगू शकतो, आणि घरात धान्य कोणते घ्यावयाचे हे अजून पुष्कळ ठिकाणी साठी उलटलेले डोळेच ठरवितात.

आणखी एक गोष्ट जुन्या माणसांच्या ध्यानात लवकर येत नाही. विटामातीच्या दुकानास दार एकच असते, म्हणून आपण सारी शोभा दर्शनी भागात करतो. ऑनलाइन दुकानास जितकी पाने तितकी दारे. कोणी गूगलवर 'मालदांडी ज्वारी' शोधून थेट त्या पानावर उतरतो. कोणास बहिणीने व्हॉट्सॲपवरून त्या पानाचा दुवा पाठविलेला असतो. मुखपृष्ठ त्यांनी पाहिलेलेच नसते. सबब प्रत्येक पानावर दुकान कोणाचे, कोणत्या गावचे, दूरध्वनी कोणता, माल कोणकोणत्या गावी पोहोचतो हे असावे, आणि माथ्यावर 'मुखपृष्ठ, धान्य, ज्वारी, मालदांडी' अशी पायवाट लिहिलेली असावी, ज्यातील कोणत्याही शब्दावर बोट ठेवून तेथे जाता येईल. मालदांडी महाग वाटली तर शेजारची दुसरी ज्वारी एका पावलावर आहे हे त्या अनोळखी पाहुण्यास कळले पाहिजे. आमच्या भागात याच पायवाटेच्या कडेस मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांची निवड असावी. आणि भाषा बदलताच त्याच ज्वारीचे पान त्या भाषेत दिसावे. पुष्कळ दुकानांत भाषा बदलली की माणूस मुखपृष्ठावर फेकला जातो आणि ज्वारी हातची निसटते.

बाहेर पडण्याच्या वाटेविषयी फार लिहीत नाही, कारण तेथे कायद्यानेच बरेच काही सांगितले आहे. ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियम, २०२० अन्वये एकूण किंमत व तिची फोड दाखविणे आवश्यक आहे, आणि आधीच बरोबरची खूण करून ठेवलेल्या चौकटींस संमती समजता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध ठरविले; गिऱ्हाइकाच्या टोपलीत नकळत जिन्नस सरकविणे, "दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणे, पोहोचविण्याचा खर्च शेवटपर्यंत लपविणे हे त्यांतील काही. टोपली भरलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक पैसे न भरताच निघून जातात, असे डेन्मार्कमधील बेमार्ड संस्थेने अनेक पाहण्या एकत्र करून नमूद केले आहे, आणि अखेरीस वाढलेला खर्च हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. पिनकोड आरंभीच विचारून हमाली-वाहतुकीसह आकडा दाखविला म्हणजे हा प्रसंग येत नाही. केवळ दोन किलो रवा घेणाऱ्यास आधी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा असे सांगणेही असेच. नाव, पत्ता आणि दूरध्वनी एवढे पुरे.

दुकान उघडल्यानंतरचे काम आता उरते. जुन्या दुकानांतून एक लहान वही असे; गिऱ्हाइकाने मागितले आणि दुकानात नव्हते ते तीत टिपून ठेवीत, आणि पुढील खरेदीस जाताना मालक ती वही चाळीत. ऑनलाइन दुकानात ही वही यंत्र आपोआप लिहिते. शोधण्याच्या चौकटीत लोकांनी काय काय टंकले आणि कशास उत्तर मिळाले नाही याची यादी दर आठवड्यास मालकाने स्वतः वाचावी, नोकरावर सोपवू नये. तीत निम्मे शब्द असे निघतात की तो माल दुकानात असतो, फक्त तो शब्द दुकानास माहीत नसतो. तेवढे शब्द त्याच दिवशी शिकवावेत. उरलेले शब्द पुढील खरेदीची सूचना देतात. उत्तर नसलेल्या पानावरही "सापडले नाही" एवढ्यावर न थांबता जवळचा माल, सर्व विभाग आणि पेढीचा दूरध्वनी दाखवावा. तेवढ्यापुरता तरी गादीवरचा माणूस परत यावा.

आणि परीक्षा माणसांकडून करून घ्यावी. तिला मोठा खर्च नाही. याकोब नील्सन व टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली हिशेब मांडून दाखविले की, पाच माणसांस वापरून पाहण्यास दिले तरी मांडणीतील बहुतेक अडचणी उघड होतात. आपल्या घरची माणसे किंवा दुकानातील नोकर घेऊ नयेत. त्यांस सारे पाठ असते. शेजारची एखादी गृहिणी, कॉलेजातला मुलगा, निवृत्त मास्तर असे पाच जण निरनिराळ्या वेळी बोलवावेत, त्यांचाच फोन त्यांच्या हाती असावा, आणि काम सांगताना दुकानातला शब्द उच्चारू नये. "भगर मागवा" म्हटले की उत्तर फोडले गेले. "उद्या घरात दोघांचा उपास आहे, त्याचे सामान मागवा" असे म्हणावे. मग गप्प बसावे. हे सर्वांत कठीण आहे, जन्मभर गादीवर बसून "काय पाहिजे?" म्हणण्याची सवय झालेल्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. बोट कोठे थबकते, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, माणूस कोठून मागे फिरतो, तेवढे कागदावर टिपावे. दुसऱ्या दिवशी त्यातील दोन-तीन गोष्टी सुधाराव्यात आणि नवे पाच जण बोलवावेत. नवा तांदूळ बाजारात येतो तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आणि पुन्हा उन्हाळ्यात वर्षाच्या धान्याची भरती सुरू होण्यापूर्वी, अशी वर्षातून दोनदा ही परीक्षा आम्ही घेतो.